महेबूबभाईंचं चिनी

नळदुर्गात चिनी भाषा जाणणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं महेबूबभाई गेली पस्तीस वर्षं छाती फुगवून सांगत आले होते. गंमत म्हणजे, गावात एकालाही त्याबद्दल शंका नव्हती!

आज हायवेच्या कडेला ट्रकच्या सीटा शिवणारे महेबूबभाई तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ चालवायचे. एक टीव्ही, एक व्हीसीआर, बसायला पोती. सोलापूरहून मारामारीच्या चिनी कॅसेटी यायच्या. त्यातली माणसं एका उडीत तीन छपरं ओलांडायची, पण बोलायची ते कुणाच्या बापाला कळत नव्हतं. मग महेबूबभाई टीव्हीशेजारी उभे राहून वाक्यावाक्याचं मराठी करून सांगायचे.

"हा म्हणायलाय, माझ्या वस्तादाला कुणी मारलं? अन् तो म्हणायलाय, आधी च्या घे, मग सांगतो!"

खरं सांगायचं तर महेबूबभाई सातवी नापास. चिनी सोडाच, इंग्रजीतसुद्धा त्यांची गाडी 'थँक्यू'च्या पुढं जायची नाही. सगळी डायलॉगबाजी मनाची! आणि हे गुपित फक्त अजीजाबीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं.

तर एके दिवशी वाचनालय चालवणारी संघप्रिया हसतहसत दुकानात आली.

"चाचा, शनिवारी वाचनालयाच्या अंगणात जुना मारधाडीचा पिक्चर दाखवायलोय. तुमचाच! दोन भावांचा, कड्यावरचा. गुलाबदादांनी फर्माईश केलीय."

"वा वा! म्हणजे म्या उभा राहून सांगू?"

"गरजच न्हाई! हिंदी डबिंगवाला मिळालाय. आवाज एकदम खणखणीत!"

महेबूबभाईंची सुई बोटात घुसली.

भीती स्वतःच्या अब्रूची होतीच, पण तिच्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. ही फर्माईश करणारा गुलाब आणि त्याचा धाकटा भाऊ अमृत, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एके काळी चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तो पिक्चर लागला तेव्हा एक शेडच्या या भिंतीला टेकून बसला होता, दुसरा त्या. पडद्यावर धाकटा भाऊ कड्याला लटकला, थोरला वर उभा राहिला, आणि मशिनीनं कॅसेट खाल्ली! शेवट कुणीच पाहिला नाही, महेबूबभाईंनीसुद्धा नाही. पण पब्लिक गप्प बसेना, म्हणून त्यांनी ठोकून दिलं, "थोरल्यानं हात दिला अन् म्हणाला, पाण्याचं काय घेऊन बसलास? तू वर ये!"

दुसऱ्या दिवशी गुलाब विहिरीवर गेला आणि अमृतला म्हणाला, "तू आधी भिजव." तेव्हापासून दोघांचं शेत एक, चूल एक. आता तोच पिक्चर नातवंडांना दाखवायची गुलाबला हौस आली होती.

"शेवट काय हाय गं त्याचा?" महेबूबभाईंनी बोट चोखत विचारलं.

"असं काय करता चाचा, तुम्हालाच तर पाठ! थोरला धाकट्याला लाथ घालून दरीत पाडतो की!"

घरी अजीजाबीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अब क्या करते जी?"

"करतो कायतरी," महेबूबभाई म्हणाले. बेत पक्का होता. प्रोजेक्टरचा रिमोट ढापायचा आणि शेवट आला की आवाज बंद करायचा! मग आपण उभे राहून सांगायला मोकळे.

शनिवारी दिवेलागणीला अंगण गच्च भरलं. पहिल्या रांगेत गुलाब, अमृत आणि दोघांची मिळून सात नातवंडं. महेबूबभाईंनी रिमोट शिताफीनं उचलला आणि कुणी बघू नये म्हणून त्यावरच बसले. इथंच घात झाला! ते जरा हलले की आवाज वाढायचा. घाबरून आणखी हलले की आणखी वाढायचा! मांडववाल्याचे दोन स्पीकर असे काही बोंबलायला लागले की हायवेवरच्या ढाब्यातली माणसं ताटं हातात घेऊन बघायला आली.

"चाचा, रिमोट बघितला का?" संघप्रिया कानात ओरडली.

"न्हाई बा!" महेबूबभाई ओरडले आणि आवाज शेवटच्या टोकाला गेला.

एवढ्यात कडा आला. धाकटा लटकला. महेबूबभाईंनी झटकन रिमोट काढून बटणं दाबली, पण त्यांच्या वजनाखाली तो केव्हाच गतप्राण झाला होता. पडद्यावरचा थोरला अख्ख्या नळदुर्गाला ऐकू जाईल असा गरजला, "कमीने! आज से तू मेरा भाई नहीं!" आणि त्यानं लाथ घातली. धाकटा दरीत. पिक्चर खलास!

गुलाब सावकाश उठला. पस्तीस वर्षांचं जोडलेलं घर आपल्यामुळं फुटणार, ह्या विचारानं महेबूबभाईंचे डोळे भरून आले.

"हे चूक हाय!" गुलाब कडाडला. "ह्या हिंदीवाल्याला चिनी येत न्हाई!"

"पण दादा," संघप्रिया म्हणाली, "लाथ तर डोळ्यांनी दिसली की!"

"लाथ कुठली? हात पोचंना म्हणून पाय दिला त्यानं! धर म्हणाला!"

"व्हय," अमृत म्हणाला. "धाकल्यानं धरला न्हाई. येडं हाय ते!"

महेबूबभाईंना हे सहन होईना. ते खुर्चीवर चढले.

"लोकहो, ऐका! म्या सातवी नापास हाय! मला चिनीतलं एक अक्षर येत न्हाई! सगळं मनानं सांगितलं होतं!"

गुलाब लोकांकडं वळला आणि गहिवरून म्हणाला, "बघा! एवढं शिकलेला माणूस, पण गर्व हाय का जरा तरी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला! अजीजाबीसुद्धा वाजवत होती, तोंडाला पदर लावून. महेबूबभाई खाली उतरले. अब्रू वाचली होती आणि चूलही एकच राहिली होती. त्या रात्री ते फार दिवसांनी गाढ झोपले.

सोमवारी सकाळी दोघं भाऊ दुकानात हजर. सोबत नवाकोरा फवारणीचा बॅटरी पंप आणि त्याच्यासोबत आलेलं माहितीपत्रक. छापील, बारीक आणि सगळं चिनी!

"वाच," गुलाब म्हणाला.

महेबूबभाईंनी चष्मा लावला. घसा साफ केला. पंपाचं चित्र उलटं दिसत होतं, म्हणून आधी कागद फिरवून घेतला. दोन्ही भाऊ खांद्याला खांदा लावून वाट बघत होते.

"लिहिलंय की, एकानं पंप धरायचा अन् दुसऱ्यानं बटण दाबायचं. एकट्यानं करायचं न्हाई."

गुलाबनं पंप धरला. अमृतनं बटण दाबलं. पंप सुरू झाला! सगळ्यात जास्त दचकले ते महेबूबभाई.

"शाब्बास!" गुलाब म्हणाला आणि शेजारचं स्टूल ओढून ऐसपैस बसला. "आता म्होरचं वाच. अजून अकरा पानं हायती."