पेटीला अहो म्हणणारे काका

लंडनच्या घरात माणूस कोट-मफलर घालून बसलाय म्हटल्यावर तुम्हाला वाटणार, बाहेर बर्फ पडतोय. छे हो! घरात जुनी लाकडी पेटी आलीय.

लंडनमधल्या इल्फर्डचे आमचे एलायजाकाका. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, बापजाद्यांपासून सुतार. जुन्या फर्निचरचा एक इंग्लिश दुकानदार त्यांना दुरुस्तीची कामं द्यायचा. सत्तरच्या दशकात सगळ्यांसारखं काकांकडेही सेंट्रल हीटिंग आलं. पण काही जुनं दुरुस्तीला आलं की हीटिंग बंद! "लाकूड तडकतं रे. माणसाचं काय, ब्लँकेट दिलं की झालं."

माणसांना अरे-तुरे, लाकडाला अहो. चिपळूणच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून मी छड्या खाल्लेल्या. लंडनला आल्यावर दर रविवारी काकांकडे जायचो, त्यांचीही नक्कल लगेच जमली. "अहो बाई, जरा उजवीकडे सरकता का?" असं मी खुर्चीला म्हटलं की काकाच आधी हसायचे.

ती पेटी आली आणि मी नकला सोडून बघतच बसलो. मेक्सिकोत स्पॅनिश लोकांचं राज्य होतं तेव्हा कुणा सुतारानं हातानं घडवलेली. पुढची फळी खाली उघडली की आत अठरा खण. खिळा एक नाही! बोटांत बोटं गुंतवावीत तसं लाकूड लाकडात अडकवलेलं. खण असा सुळकन यायचा, वाटावं कालच मेण लावलंय.

"नाव लिहिलं नाही बघ पठ्ठ्यानं," काका म्हणायचे. "आम्ही दोन फळ्या जोडल्या की मिशीला पीळ!"

दुकानदारानं बजावलं होतं: सोमवारी व्हॅन येईल, डाग एकही नको, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला. रविवारी दुपारी सतरा खण चकाचक. अठराव्याच्या तळाला मात्र सरसाचा, म्हणजे जुन्या डिंकाचा, काळा ठिपका तसाच. काका चहा टाकायला आत गेले. म्हातारा विसरला, हातचं काम जाईल, म्हणून मी कोमट पाण्यात फडकं बुडवलं.

मागून काकांनी मनगट धरलं. "डोळे फुटले काय रे? नीट बघ!"

बघितलं. ठिपक्यात अंगठ्याच्या रेषा होत्या. स्पष्ट.

"डाग म्हणतो गाढव! माणूस आहे तो! काम गेलं तर जाऊ दे खड्ड्यात. नाव नाही, गाव नाही, एवढाच उरलाय बिचारा. तुझी काकी गेल्यापासून माझ्याकडे रविवारचा तू तरी येतोस. त्याच्याकडे कोण आलं रे? तीनशे वर्षांनी एक आला, तो फडकं घेऊन!"