जयराम मयेकरांचा नारळ

"नारळी पौर्णिमा बघायची तर मालवणातच, साहेब! बाकीचे लोक नुसता नारळीभात खातात. आम्ही नारळ लढवतो!"

कुडाळच्या कचेरीत गुरुदास मयेकरने ही घोषणा केली तेव्हा घाटावरून नुकतेच बदलून आलेल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. सिंधुदुर्ग जिल्हा नवा, कचेरी नवी आणि साहेबही नवे.

"लढवता म्हणजे?"

"एकाने मुठीत नारळ धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला आपटायचा. फुटला तो हरला, आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याचा! आमच्या बाबांचा नारळ कधीच फुटला नाही, साहेब. वैशाखात बाबा गेले. पण त्यांचा नारळ घरी आहे. यंदा तो मी लढवणार! तुम्ही यायचंच!"

बोलताना छाती अशी फुगली होती, की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी राहिलं. खरं सांगायचं तर गुरुदासने जन्मात नारळ लढवला नव्हता. बाबा दर वर्षी बंदरावर निघताना विचारायचे, "येतंस?" आणि हा पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे." आता विचारणारंच कुणी उरलं नव्हतं. रिकामी आरामखुर्ची दिसली की तो तिच्याकडे पाठ करून बसायचा. एकदा, फक्त एकदा, बंदरावर लोकांनी म्हणावं, 'जयरामाचो झील शोभता!' बापाला शोभणारा मुलगा, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी तो माळ्यावर चढला. लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ खाली आणला, तशी त्याची आई, विमला, उंबऱ्यातच आडवी आली.

"ह्या वर्सा आपल्याक सण नाय, रे. आणि तो नारळ थंयच ठेव."

"आये, नारळ लढवणं म्हणजे काय सण?"

"माका बाकीचा ठावक नाय. तो तुझ्या बापाशीकच शोभता." तिने डोळ्यांना पदर लावला. गुरुदासला वाटलं, आठवण आली बिचारीला. त्यालाही भरून आलं. पण साहेब एसटीत बसले असणार! त्याने नारळ कानाशी धरून हलवला. पाण्याचा आवाज नाही. दगडासारखा जड. वा! याला म्हणतात पक्का नारळ!

बंदरावर माणसांचा दर्या लोटला होता. कुडाळ, वेंगुर्ले, कुठून कुठून माणसं आलेली. मानाचा नारळ वाजतगाजत दर्याला अर्पण झाला आणि जिकडेतिकडे फटाफट नारळ फुटू लागले. साहेब खूश! गुरुदासने एकामागून एक गडी लोळवले. मूठ मात्र त्याने बापासारखीच गच्च मिटलेली. जयराम आपला नारळ दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे, हे त्याने ऐकलं होतं.

शेवटी समोर आला गनीचाचा. बंदरावरचा सुंगटांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, जुना व्यापारी, बाबांचा लंगोटीयार आणि दर वर्षी त्यांच्याकडून न चुकता हरणारा! गुरुदासच्या मुठीतला नारळ बघताच म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"झिला, ह्यो नको. दुसरो घे."

"चाचा घाबरले!" गुरुदास साहेबांकडे बघून ओरडला. लोक खिदळले.

"आयक माझा. घराक जा."

"चाचा, धरा नारळ! बाबांची शपथ!"

गनीचाचाने निमूट नारळ धरला. गुरुदासने हाणला. चाचाच्या नारळाची दोन शकलं झाली आणि म्हातारा, देवाशपथ सांगतो, हरलेला माणूस इतका सुटल्यासारखा कधी दिसला नसेल! "हरलंय, हरलंय! आता नारळ पिशयेत घाल आणि सूट!"

"जयरामाचो झील!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. गुरुदासच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इथेच तो घरी गेला असता तर!

पण साहेब पुढे झाले. "मयेकर, अहो या अजिंक्य नारळाचं खोबरं तरी चाखू द्या!"

"का नाही? बाबांचा प्रसाद!" गुरुदासने नारळ दगडावर आपटला. नारळ उसळला. पुन्हा आपटला, पुन्हा उसळला. "पक्का आहे!" असं म्हणत त्याने दोन्ही हातांनी, सगळा जोर काढून हाणला. दगडाचा टवका उडाला! नारळाची शेंडी निघून साहेबांच्या चपलेवर पडली, आणि खालून दिसलं गुळगुळीत, रंगवलेलं लाकूड. सावंतवाडीला लाकडाची केळी, आंबे करतात, अगदी तसलंच.

पुढचे लोक वाकून बघायला लागले.

"म्हंजे जयराम इतकी वर्सा..." कुणीतरी सुरुवात केली. गुरुदासला वाटलं, दर्याने आत्ताच्या आत्ता आपल्याला पोटात घ्यावं. बापाचं नाव काढायला आला होता, आणि बापाला भर बंदरावर चोर ठरवून बसला होता!

"तो नारळ माझो!" गनीचाचा गरजला. "जयरामाक मिया फसवलंय! तेच्या हातात मियाच दिलेलो!"

मग काय विचारता! लोकांनी गनीचाचाला काय काय ऐकवलं! "मेल्या माणसाची मस्करी करतंस?" ज्यांनी त्याच्या दुकानातली सुंगटं आयुष्यभर फुकट चाखून बघितली होती, तेही बोलले. म्हातारा मान खाली घालून निघून गेला. साहेब "गंमतच आहे तुमच्याकडे" म्हणत एसटीला पळाले.

दिवेलागणीला गुरुदास गनीचाचाच्या ओटीवर जाऊन उभा राहिला. पिशवीत लाकडाचा नारळ.

"चाचा, बाबांसाठी तुम्ही खोटं बोललात. मला माफ करा."

"खोटा खंय? मियाच दिलेलो." चाचाने नारळ मांडीवर घेतला. "तुझो थोरलो भाव तापान गेलो, तेव्हा तू पाळण्यात होतंस. जयराम कोपरो धरून बसलो. खाय नाय, बोला नाय. पुनव इली. मिया सावंतवाडीसून ह्यो करून हाडलंय आणि तेच्या हातात दिलंय. म्हटलां, चिडात, गाळी घालीत, पण बोलात तरी! तो बंदरावर इलो आणि सगळ्यांक हरवून हसाक लागलो. मगे मिया दर वर्साक हरलंय."

"बाबांना ठाऊक होतं?"

"हातात घेतल्यार कळल्याशिवाय ऱ्हवात? माका हरवलो काय डोळो मारी मेलो!" चाचा हसला आणि मांडीवरचा नारळ थोपटायला लागला. "आता माका कोण डोळो मारतलो, रे?"

बाप हसायचा, डोळे मारायचा, हे गुरुदासला आज कळत होतं, तेही दुसऱ्याच्या ओटीवर.

"चाचा, पुढल्या वर्षी माझ्याकडून हरा."

"तुका जमात?" चाचाने डोळे पुसले आणि घराकडे बघून हाक मारली. "हवाबी, दोन नारळ हाड गो! खरे!"

हवाबीचाचीने स्वैंपाकघरातून दोन नारळ आणून दिले. चाचाने दोन्ही वाजवून पाहिले, त्यातला किडका स्वतः घेतला, मुठीत अगदी सैल धरला आणि डोळे मिटले. "मार!"

गुरुदासने हाणला. खाडकन आवाज झाला, आणि नारळाचं पाणी गुरुदासच्याच टेरिकॉटच्या पँटीवर सांडलं. किडका नारळ चाचाच्या मुठीत जसाच्या तसा!

चाचाने डोळे उघडले. मुठीतल्या नारळाकडे बघितलं. गुरुदासच्या हातातल्या शकलांकडे बघितलं.

"हवाबी, जयराम गेलो आणि माका हरूकय येना नाय गो आता!" म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. गुरुदास भिजल्या पँटीनिशी त्याच्या शेजारी बसला आणि तोही रडला.

हवाबीचाचीने दोघांकडे पाहिलं, गुरुदासच्या हातातली शकलं काढून घेतली आणि आत गेली. रात्रीच्या कालवणाला खोबरं हवंच होतं.