सबनीसकाकांचं लाडकं औषध

आमच्या वेस्ट विंडसरच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सबनीसकाका आले की आधी ताटं नाही, माणसांची तोंडं बघतात. "जीभ कोरडी दिसतेय. कुठली गोळी चालू आहे?" गुलाबजाम घशातच अडकतो हो!

काका आमचे शेजारी. औषध कंपनीतून रिटायर झालेले. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी सिॲटलला. अॅमिट्रिप्टिलीन या जुन्यापान्या औषधाचं ते इतकं कौतुक करतात, की तितकं जावयाचंही कुणी करणार नाही. मूळचं ते डिप्रेशनचं. मेंदूतली दोन रसायनं काम संपायच्या आत परत ओढली जातात, त्यांना हे थोपवून धरतं. कमी मात्रेत मायग्रेनला, नसांच्या दुखण्यालाही चालतं. "पण तोंड सुकतं, पोट साफ होत नाही, झापड येते," हे पालुपद ठरलेलं.

स्वतःही तेच घ्यायचे. पायाच्या नसांसाठी, म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात मी नाशिकला गेले. तिथे भावाचं मेडिकलचं दुकान. आपल्या लोकांची बॅग ठाऊकच आहे, भाकरवडीखाली वर्षभराची औषधं. काकांनी काही मागितलं नव्हतं, पण त्यांच्या ओट्यावरच्या बाटलीवरचं नाव मी टिपून ठेवलं होतं. परत आल्या आल्या वर्षभराचा साठा पिशवीत घालून मोठ्या तोऱ्यात त्यांच्या हातात ठेवला.

पिशवीत बघून काका खुर्चीत बसलेच. थँक्यूसुद्धा नाही. खरं सांगते, मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन ते दारात उभे.

"मीनल, हे माझ्या घरात नको. डॉक्टर मला मुद्दाम आठवड्यापुरत्याच गोळ्या देतात. पायाला काही झालेलं नाही गं. ही गेल्यापासून जगावंसं वाटत नाही. काल तू गेलीस तेव्हापासून पिशवी गाडीत ठेवून बाहेर पायरीवर बसलो होतो."

मदत करायला गेले आणि काय करून बसले मी! डॉक्टरांना फोन केलात का, विचारलं. केला होता, लगेच बोलावलं होतं. गाडी मी काढली.

वाटेत म्हणाले, मुलीला यातलं काही माहीत नाही. मी म्हटलं, आत्ताच सांगा. त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"बाबा? व्हॉट हॅपन्ड? बाबा?"

"अगं, तुझी आई गेल्यापासून..." काकांनी सुरुवात केली. मी गाडी कडेला घेतली आणि त्यांचा हात धरून बसले.