घरचा प्रतिध्वनी

"बाजारातला तयार प्रतिध्वनी नको. मी घरचा बनवतो," असं नवरा म्हणाला, तेव्हाच बायकोने त्याच्यापुढचा लॅपटॉप उचलून माळ्यावर टाकायला हवा होता. पण नाटकात काम तिचं, दिग्दर्शक तिचा भाऊ. माहेरी नवऱ्याचं नाव व्हावं या मोहाने ती गप्प बसली, आणि विहिरीतल्या भुताचं बोलणं आणि घुमणं, दोन्ही जावयाच्या खात्यावर चढलं.

आवाज घुमवणारं प्लगिन, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, लिहून झालं होतं. विंडोजवर चालावं म्हणून ते 'फक्त' कंपाइल करायचं होतं. कंपायलर म्हणाला, एक फाइल सापडत नाही. ती आणली, तर तिची भावंडं हवीत. एका पाहुण्याला बोलवावं आणि दारात वऱ्हाड उतरावं, तशी गत. डिस्कवर जागा उरेना, म्हणून त्याने जुने व्हिडिओ उडवले.

"अहो, आपलं लग्न कुठे गेलं?"

"आहे की. आईच्या पेनड्राइव्हवर."

"म्हणजे तेही तुमच्या आईकडेच!"

अखेर प्लगिन झालं. घरी "आ" म्हटलं की सात "आ" परत येत. नाट्यगृहाच्या कॉम्प्युटरवर मात्र ते उघडेचना. घाईत त्याने चाचणीचं प्लगिन बनवलं होतं. ते त्याच्याच लॅपटॉपवर चालणारं. घरात वाघ, बाहेर शेळी! ते पुन्हा बनवायला त्याने पडद्यामागेच लॅपटॉप उघडला, तर विंडोजने अपडेट सुरू केलं.

"भाऊजी, भूत कुठाय?" वरच्या ध्वनिकक्षातून मेहुण्याचा फोन.

"येतंय. सदतीस टक्के आलंय."

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. बायको विहिरीत वाकून ओरडली, "कोण आहे तिथे?"

शांतता. तिने पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात भुतापेक्षा नवऱ्याचीच चौकशी जास्त होती.

पडद्यामागे पाण्याचं अर्धं भरलेलं पिंप होतं. नवऱ्याने त्यात डोकं खुपसलं. "मीऽऽ आहेऽऽ!"

पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली. मग टाळ्याच टाळ्या.

"मानलं भाऊजी! काय प्लगिन आहे!" मेहुण्याने धावत येऊन मिठी मारली. "पण केस ओले कसे?"

नवरा खरं सांगायला गेला, तोच बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. "घाम आहे, दादा. जड काम असतं ते."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने शहाण्यासारखं नीट कंपाइल केलं. नाट्यगृहात प्लगिन पहिल्या फटक्यात उघडलं. तालमीत आवाज काचेसारखा स्वच्छ घुमला. नवऱ्याची छाती फुगली.

मेहुण्याने तोंड वाकडं केलं. "भाऊजी, सुधारायला कुणी सांगितलं होतं? यात ती ओल नाही. कालचंच लावा."

बायकोने नवऱ्याच्या हातात टॉवेल ठेवला.