दोन कारागीर आणि राणीचा झगा

"शेठकाका, आमच्या आईबाबांत जास्त हुशार कारागीर कोण?"

हिची छातीच होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. पण जिला घरीदारी सगळे 'भोंगा' म्हणतात तिच्याशी असली पैज लावू नये. भर दुकानात, दोघांच्या देखत तिने विचारलंच.

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात आई डाग काढायची, बाबा इस्त्री करायचे. शेठ हसला. "बघू की! जो जास्त हुशार ठरेल, नवीन दुकान त्यालाच सांभाळायला देतो."

झालं! तोवर दुकान दोन वाक्यांवर चालायचं. "अहो, इस्त्री फिरवू नका, डाग अर्धाच निघालाय!" आणि "अगं, भिजवू नकोस, अस्तर आखडेल!" दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वाक्यं बंद.

आईने डाग काढायच्या औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं खरवडून काढली. बाबा इस्त्रीच्या तापमानाचा काटा फिरवताना आईकडे पाठ करून उभे राहू लागले.

"तुझे बाबा माझ्या बाटल्या हुंगतात," आई भोंग्याच्या कानात म्हणाली.

"तुझी आई सारखी माझ्या टेबलाशी येऊन शिंकते," बाबा कुजबुजले. "सर्दीबिर्दी काही नाहीये तिला!"

घरी बाबांनी "भाजी छान झालीये" म्हटलं तरी आईचा हात थबके. "काय काढून घ्यायचंय माझ्याकडून?"

अशात भोंग्याला शाळेच्या नाटकात राणीचं काम मिळालं. आजवर ती प्रत्येक नाटकात झाड झाली होती. यंदा तिला चक्क वाक्यं होती! आणि नाटकाच्या आदल्या दिवशी राणीच्या पांढऱ्या साटीनच्या झग्यावर चहा सांडला.

"त्यात काय, आपलं घरचंच दुकान!" म्हणत ती झगा घेऊन आली.

आईने झगा पाण्यात बुडवला. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. अस्तर आखडणार हे त्यांना दिसत होतं. शब्द ओठांवर आला, त्यांनी तो गिळला. विचारेल की गरज असली तर!

डाग अर्धा निघाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून आई पुढे गेली. बाबांनी झगा वाळवून टेबलावर घेतला. गरम इस्त्रीने उरलेला डाग कायमचा बसणार, हे आईला लांबूनही कळत होतं. पण एवढे हुशार आहेत ना, कळेल त्यांचं त्यांना!

संध्याकाळी भोंग्याने झगा अंगात चढवला. तो गुडघ्यांवरच संपला. पाठीवर परातीएवढा तपकिरी डाग.

"आखडणार हे माहीत होतं तुम्हाला!"

"आणि डाग बसणार हे तुला!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस?"

भोंग्याचे डोळे भरून आले. तिने नाक पुसलं, आत जाऊन फोन केला आणि बाहेर येऊन दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"राणीचं काम मी सोडलं. ते आता भिकारणीचं काम करणारी मुलगी करेल, पडदा पांघरून. भिकारीण मी. झगा तयारच आहे."

दोघांच्याही माना खाली गेल्या. बाबा खाकरले. "म्हणजे अगदीच वाया नाही गेला... कुणी विचारलं, झगा कुणी केला, तर आमची नावं सांग हं."

"आधी कुणाचं?" आईने डोळे बारीक केले.

"कुणाचंच नाही," भोंगा म्हणाली. "मी ठरवलंय. उद्या दुकानाची पाटीच गळ्यात अडकवून स्टेजवर जाणार."