मदत करायची नाही!

"काही झालं तरी मदत करायची नाही!" साहेबांनी शिपायाला तिसऱ्यांदा बजावलं. "तिला एकटीला जमतंय का, तेच तर बघायचंय."

जागा सरकारी वाचनालयातली आणि उमेदवार बेबीताई, वय बत्तीस. बौद्धिक अपंगत्वामुळे लेखी परीक्षेत ती दरवेळी आपटायची. यंदा पहिल्यांदाच लेखीऐवजी काम करून दाखवायचं होतं. परत आलेली पुस्तकं रंगाची पट्टी बघून त्या त्या कपाटात लावायची. ही नोकरी हुकली तर पुन्हा घरी बसून वहिनीची बोलणी खायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एक ढकलगाडी रिकामी करून ती दुसरी आणायला बाहेर गेली. तेवढ्यात कपाटं तपासायला साहेब आणि निवड समितीतल्या बाई आतल्या खोलीत शिरले. वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि कुलूप आपोआप बसलं. साहेबांनी जोर लावला, तर आतली मूठच त्यांच्या हातात आली.

"अरे, दार उघडा!"

शिपाई गालातल्या गालात हसला. साहेबांची परीक्षा म्हणजे अशीच कडक असणार! तो स्टुलावरून तसूभरही हलला नाही.

"दादा, साहेब अडकलेत," भरलेली गाडी घेऊन परतलेली बेबीताई म्हणाली.

"असतील. मला मदत करायची परवानगी नाही, ताई."

"दार उघड, गाढवा!" आतून साहेब गरजले.

"नाटक काय झकास करतात!" शिपाई कौतुकाने म्हणाला.

"किल्ली द्या."

"किल्ली देणं म्हणजे मदतच की!"

आतला आवाज आता रडवेला झाला होता. बेबीताईने दाराशी तोंड नेलं. "साहेब, रडू नका. मी आहे." मग ती शिपायाकडे वळली. "देऊ नका. टेबलावर ठेवा आणि तिकडे बघा."

हे नियमात बसत होतं. शिपायाने किल्ली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बेबीताईने किल्ली लावून दार उघडलं. साहेब घामाने निथळत बाहेर आले, मूठ अजून हातातच. मागून बाई हसू दाबत आल्या.

"साहेब, शेरा लिहू ना? उमेदवाराला मदत लागली नाही."

"लिहा."

"आणि समितीला लागली?"

"ते राहू द्या हो!" साहेब बेबीताईकडे वळले. "ताई, उद्यापासून कामावर या."

"मला नोकरी लागली? खरंच लागली?" बेबीताईने टाळ्या पिटल्या. शिपायाने तर चक्क शिट्टी मारली. अख्खं वाचनालय माना वर करून बघू लागलं. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मग तिचं लक्ष भरलेल्या गाडीकडे गेलं.

"उद्या कशाला? हे कोण लावणार?" तिने गाडी ढकलली. "सरका, साहेब."

साहेब निमूट बाजूला झाले.