म्हाळूआबांची शस्त्रकोठडी

शस्त्र माणसाचं रक्षण करतं, हा समज जुना झाला. आता माणसानं शस्त्राचं रक्षण करायचं असतं, आणि ते केल्याचा कागद फाईलला लावायचा असतो.

खुटबावचे म्हाळूआबा हे बंदुकांचे संग्राहक. त्यांच्याकडे दोन बंदुका आहेत. (गावात तिसरी नसल्यामुळे दोनलाच संग्रह म्हणतात.) पहिली वडिलांची, ठासणीची. ती शेवटची एका कावळ्यावर उडाली होती. तो कावळा त्यानंतर बरीच वर्षं गावात दिसत असे. दुसरी शिरूरच्या सासऱ्यांकडून वारशानं आलेली दुनळी. तिच्या डाव्या नळीत कुंभारमाशीनं घर केलेलं आहे. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा आबांच्या हाती सोळा अटींचा कागद पडला. अटी पुऱ्या झाल्या नाहीत, तर दोन्ही बंदुका जमा. वडिलांची एवढीच खूण, तीही सरकारी माळ्यावर धूळ खात पडणार, या विचारानं आबांना अन्न गोड लागेना.

त्यांनी अटी शब्दशः पाळल्या. स्लॅबची कोठडी बांधली. लोखंडी दार, दोन कुलपं, हातभर जाळी, कॅमेरा, आग विझवायचं लाल नळकांडं. किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर हव्यात, म्हणून त्या करदोट्याला. काडतुसांसाठी वेगळं कपाट हवं होतं. आबांकडे काडतूस एकही नव्हतं, पण अट ती अट. त्यांनी कपाट केलं आणि नसलेली काडतुसं कुलपात ठेवली.

त्याच आठवड्यात उसातून बिबट्या निघाला आणि तीन कुत्री घेऊन गेला. (बिबट्याला परवाना लागत नाही.) आबांच्या पत्नी रंभाबाई यांची गाभण शेळी पत्र्याच्या शेडात बांधलेली होती.

"अवं, बिबट्या बंदूक खातो व्हय?" रंभाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग तिला लोखंडी दार आन् माझ्या शेळीला पत्रा?"

"अगं, कागदावर तसं लिवलंय."

"मग त्यो कागद लावा शेडाला. बिबट्या वाचंल आन् जाईल माघारी."

शेळी कोठडीत आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गिताबाई आपल्या तीन घेऊन आल्या. "बसत्याल दाटीवाटीनं, त्यात काय," म्हणाल्या. चौथ्या दिवशी शेळ्या अकरा झाल्या. आता अट क्रमांक नऊ आडवी आली : शस्त्राजवळ परवानाधारकाखेरीज कोणालाही प्रवेश नसावा. आबा नियमाचे पक्के. त्यांनी बंदुका ताबडतोब बाहेर काढल्या आणि शेडात कडब्याखाली ठेवल्या.

सकाळी शेडात बिबट्याचे ठसे उमटलेले होते. बंदुकांना त्यानं तोंडही लावलं नव्हतं. रंभाबाईंचं म्हणणं पुराव्यानिशी सिद्ध झालं.

आणि त्याच सकाळी दौंडहून पाहणीचे साहेब आले. आबांनी करदोट्याच्या किल्ल्यांनी दोन्ही कुलपं काढली. आत अकरा शेळ्या आणि पहाटे जन्मलेली दोन करडं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि तक्ता भरायला घेतला. भिंत : पक्की. कुलपं : दोन. कॅमेरा : चालू, चार दिवसांत अनधिकृत व्यक्ती आढळली नाही. स्वतंत्र कपाट : आहे, रवंथ करणाऱ्यांच्या पलीकडे. सोळाही रकान्यांत बरोबरची खूण झाली. बंदूक आत आहे का, असा रकाना तक्त्यात नव्हता.

आबांना राहवलं नाही. "सायेब, बंदुका जरा..."

"आबा, तक्ता भरून झालाय. आता खाडाखोड करायला लावू नका."

परवाना पाच वर्षांसाठी वाढला. शेऱ्यात 'आदर्श कोठडी' असं आलं. महिन्याभरात खुटबाव आणि कासुर्डीतून शस्त्रपरवान्यासाठी त्रेचाळीस अर्ज गेले. बंदूक कोणालाच नको होती. कोठडीचा नकाशा सगळ्यांनी मागितला. एकानं 'शस्त्राचा प्रकार' या रकान्यात 'शेळी, उस्मानाबादी' असं लिहिलं. तोही अर्ज विचाराधीन आहे.

बंदुका अजून कडब्याखाली आहेत आणि त्यांचं सारं ठीक चाललं आहे.

हे वाचून खुटबावकरांना हसणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या हातात या क्षणी चहाचा कप असेल, तर तो कान तुटलेला आहे. चांगले सहा शोकेसमध्ये कुलपात आहेत, आणि त्या कुलपाची किल्ली कुठं आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.